मदत हवी आहे: २०२५ च्या सीझनच्या आधी बेअर्सची ऑफेन्सिव्ह लाइन जोखायची कशी?

नेपरविलकर

मंडळी, इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारे कितीजण आहेत कल्पना नाही, पण मागे क्रिकेटच्या धाग्यावर दोघं-तिघं सुपर बोलवरून हमरीतुमरीवर आलेले दिसले म्हणून विचारायचं धाडस करतोय. मी शिकागोजवळ राहतो, तिथल्या बेअर्स टीमचा फॅन, म्हणजे सोशिकपणा अंगी आलेला आहे. ऑफिसच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट (आपापले खेळाडू निवडणं) लेबर डेच्या वीकएंडला आहे आणि मला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, म्हणजे क्यूबी) केलेब विल्यम्स आणि बॉल घेऊन पळणारा डीआंद्रे स्विफ्ट घ्यायचे का नाही ते ठरवायचंय, आता हे दोघं चालणार की नाही ते सगळं लाइनवर, म्हणजे पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांवर, आणि घोडं तिथेच अडतंय कारण लाइन बघायची कशी हे मला कोणी शिकवलंच नाही. नजर बॉलच्या मागे जाते, ते पाच धिप्पाड गडी काय करतात ते कळायच्या आत प्ले संपलेला असतो.

गेल्या वर्षी काय झालं ते माहीतच असेल. केलेबला ६८ सॅक, म्हणजे पास फेकायच्या आत ६८ वेळा पाडला. १७ मॅच, म्हणजे दर मॅचला सरळ चार. लीगमध्ये सगळ्यात जास्त. पोरगं सगळ्या मॅच खेळलं हेच नवल. मग मार्चमध्ये मधली तिन्ही माणसं (सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड, त्यांच्या बाहेर कडेला टॅकल) नवीन आणली, चीफ्सकडून लेफ्ट गार्ड जो थूनी, रॅम्सकडून राइट गार्ड जोना जॅक्सन, आणि फाल्कन्सचा सेंटर ड्रू डालमन ३ वर्षं ४.२ कोटी डॉलरला. राइट टॅकलला डार्नेल राइट आहेच. राहिला लेफ्ट टॅकल, तिथे कॅम्पमध्ये ब्रॅक्स्टन जोन्स, नवा पोरगा ऑझी ट्रापिलो, किरन अमेगाजी, थिओ बेनेडेट असे आळीपाळीने फिरवतायत आणि रोज वेगळी बातमी.

परवा सीझनच्या आधीच्या सराव मॅचमध्ये बिल्सला ३८-० धुतलं, केलेबने पहिल्याच ड्राइव्हला ९२ यार्ड नेऊन टचडाऊन केला, ऑफिसात सगळे हवेत. पण बिल्सचे मेन लोक बाहेर बसलेले होते ना, मग त्यावरून काही ठरवायचं का? आणि ते ६८ सॅक नक्की कोणाच्या नावावर लिहायचे? शेजारचे आजोबा १९८५ च्या लाइनची पाचही नावं एका दमात म्हणतात, कव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गेनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न, आणि वर विचारतात की आत्ताचे पाच सांग. सांगता येतात हो, पण त्यातला चांगला कोण आणि पाट्या टाकणारा कोण ते नाही सांगता येत.

जाणकारांनी प्लीज मार्गदर्शन करावं. लिंका नकोत, स्वतः काय बघता ते सांगा.

डेट्रॉइटवाली

लायन्सची फॅन आहे त्यामुळे मनावर दगड ठेवून मदत करते, आमचा कोच बेन जॉन्सन पळवलात ते विसरलेले नाही.

आधी सॅकचं. सॅक म्हणजे लाइनचाच दोष असं धरून चालू नका. केलेब बॉल फार वेळ हातात ठेवतो, पहिला मोकळा माणूस सोडून मागे पळतो, गोल फिरतो, आणि मग चार सेकंदांनी आडवा होतो, तो सॅक गार्डच्या माथी कसा मारणार? त्यामुळे रिप्ले बघताना तोंडाने मोजा. अडीच सेकंदांच्या आत माणूस आत आला तर लाइनचं चुकलं, नंतर आला तर बहुतेकदा क्यूबीचं किंवा कोणी मोकळंच झालं नाही. ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट असतो तो पण याच हिशोबाने आहे, ब्लॉक २.५ सेकंद टिकला की जिंकला. सॅकच्या आकड्यापेक्षा तो बरा.

जॅक्सन आणि स्विफ्ट दोघेही आमच्याकडे जॉन्सनच्या हाताखाली खेळलेत, त्यामुळे जॅक्सनला त्याच्या रन ब्लॉकिंगची भाषा शिकवावी लागणार नाही. पण तो गेल्या वर्षी रॅम्सकडे ४ मॅच खेळला फक्त, खांद्याचं दुखणं. आणि डालमनच्या पण घोट्याने निम्मा सीझन खाल्ला. कागदावर लाइन झकास आहे, सतरा मॅच उभी राहते का ते बघा.

टचडाऊन_तात्या

नेपरविलकर, बॉल बघणं सोडायचं हीच पहिली पायरी. एका प्लेला एकच माणूस निवडायचा आणि स्नॅपपासून (सेंटर बॉल मागे देतो तिथपासून) शिट्टीपर्यंत त्याच्यावरून डोळा हलवायचा नाही. एनएफएल प्लसचं प्रीमियम घेतलंत तर ऑल-२२ (बावीसही खेळाडू दिसणारा व्हिडिओ) मिळतो, त्यात मागून घेतलेला अँगल असतो, लाइनसाठी तोच बघायचा.

टॅकलचे पाय बघा आधी. स्नॅप झाला की तो तिरका मागे सरकतो, कंबर खाली, पाठ सरळ. बाहेरून पळत येणाऱ्याच्या आधी तो जागेवर पोचला का? उशीर झाला की तो कमरेतून वाकतो, हात लांब टाकतो, तिथेच समजायचं की गेला. मग हात. समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने पकड बसली तर निम्मं काम झालं, खांद्याच्या बाहेरून बसली तर एक तर होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) फ्लॅग नाहीतर सॅक. आणि दोन पावलं मागे ढकलला गेला म्हणून लगेच शिव्या देऊ नका, मागे जाऊन तो परत पाय रोवतो का ते महत्त्वाचं.

मधल्या तिघांचं वेगळं. कडेने प्रेशर आलं तर क्यूबी पुढे सरकू शकतो, मधून आलं तर जाणार कुठे? म्हणून मला थूनी-डालमन-जॅक्सन हा खर्च पटतो. मधे खरी परीक्षा स्टंटची, म्हणजे डिफेन्सचे दोघे एकमेकांच्या जागा बदलून आत घुसतात तेव्हा. आपल्या क्रिकेटमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या स्लिपच्या मधून कॅच जातो आणि दोघेही एकमेकांकडे बघतात ना, डिट्टो तेच. गार्ड आणि सेंटर दोघेही एकाच माणसाच्या मागे गेले आणि दुसरा मोकळा सुटला की समजा ओळख झालेली नाही अजून. हे नुसत्या टॅलेंटने येत नाही, बाजूबाजूला खेळून येतं, आणि तुमचे तिघेही एकमेकांना नवे.

३८-० विसरा. त्यापेक्षा डॉल्फिन्स आणि बिल्ससोबत जॉइंट प्रॅक्टिस झाल्या त्याचे रिपोर्ट वाचा, तिथे समोर पहिल्या फळीचे लोक असतात.

मिलवॉकीचा_मधू

पॅकर्सवाला बोलतोय, मीठ चोळायला आलोय 😄

सगळे पहिल्या पाचांवर बोलतायत. भाऊ, सहावा आणि सातवा कोण ते विचारा. गेल्या नोव्हेंबरात पेट्रियट्स तुमच्या घरी येऊन १९-३ जिंकून गेले, ९ सॅक, आठवतंय? जोन्स आणि राइट, दोन्ही टॅकल त्या दिवशी बाहेर होते. लाइनची किंमत अशा रविवारी कळते.

आणि थूनीचं कौतुक चाललंय ते ठीक, सुपर बोल जिंकल्याच्या चार रिंग आहेत माणसाकडे. पण चीफ्सने त्याला नाइलाजाने लेफ्ट टॅकलला उभा केला आणि सुपर बोलला ईगल्सने ब्लिट्झ (जादा माणसं आत पाठवणं) न करता त्यांचा क्यूबी महोम्सला सहा वेळा पाडलं. सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नाही, पण गार्डला गार्डच राहू द्यावं. तुमचा लेफ्ट टॅकल पडला की त्याला बाहेर सरकवायचा मोह होणार बघा, मग दोन जागा बिघडतील.

नेपरविलकर

वा, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मधू, तुझ्या तोंडात साखर पडो (आणि दात किडोत).

काल रात्री तात्यांनी सांगितलं तसं जुन्या मॅचमधले नुसते राइटचे प्ले बघितले. एकदा बाहेरच्या गड्याने आत यायची हूल दिली, राइटने पायही न उचलता एका हाताने त्याला छातीवर थोपवला आणि मग तो पूर्ण प्ले तिथेच खुंटीला टांगल्यासारखा. लाइव्ह बघताना मी तो ढुंकूनही बघितला नसणार.

आता लेफ्ट टॅकलचं सांगा. ट्रापिलो एनएफएल ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडचा आहे, वडील सेंट्सकडे लाइनमनच होते, तरी जोन्सच सुरुवात करेल असं सगळे म्हणतायत. जोन्सचा घोटा डिसेंबरमध्ये मोडलाय.

टचडाऊन_तात्या

ट्रापिलो कॉलेजात शेवटी राइट टॅकल खेळत होता. बाजू बदलली की पाय, हात, वजन सगळं उलटं होतं. त्याला लगेच ओपनरला (सीझनच्या पहिल्या मॅचला) टाकणं म्हणजे पोराचा बळी. समोर व्हायकिंग्ज आहेत, ८ सप्टेंबर, सोमवारी रात्री. त्यांचा डिफेन्सचा कोच ब्रायन फ्लोरेस सहा-सात जण लाइनवर आणून उभे करतो, त्यातले कोण येणार आणि कोण मागे पळणार ते स्नॅपपर्यंत कळत नाही. तिथे डालमन बोट दाखवून ओरडतो का, केलेब त्याचं ऐकतो का, आणि फॉल्स स्टार्ट (स्नॅपच्या आधीच हलणं) किती होतात हे बघा. घरची मॅच आहे, स्टेडियम गप्प असणार, त्यामुळे आवाजाचं कारण चालणार नाही. मी जोन्सच ठेवीन. घोट्यात जोर आहे का ते बुल रश (समोरून सरळ रेटा) आला की दिसेल, मागचा पाय जमिनीत रुततो का घसरतो ते बघा.

डेट्रॉइटवाली

आणि फँटसीचं राहिलंच की. स्विफ्टने गेल्या वर्षी ९५९ यार्ड केले पण एका रनमागे ३.८, त्यातले कितीतरी वेळा बिचारा बॅकफील्डमध्येच, म्हणजे लाइनच्या मागेच, धडकत होता. नवी मधली लाइन पासच्या आधी रनला कामाला येईल, दोघांनी मिळून एकाला ढकलणं लवकर जमतं, स्टंट ओळखायला वेळ लागतो. म्हणून मी स्विफ्ट घेईन, केलेब नाही. निदान ऑक्टोबरपर्यंत तरी नाही.

नेपरविलकर

ठरलं. स्विफ्ट मधल्या राउंडांत मिळाला तर घेतो. केलेबला ऑफिसातला दुसरा बेअर्सवाला आधीच उचलणार, त्याच्या डेस्कवर पोस्टर आहे. तात्या, ओपनरच्या दुसऱ्या दिवशी इथेच पहिल्या क्वार्टरचे जोन्सचे प्ले लिहून टाकतो, चूक-बरोबर तुम्ही सांगा.

मिलवॉकीचा_मधू

बेनेडेटचे पण लिही. लागेल.