विंडोज १० चं तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

आळसोबा: बाबांच्या पीसीवर काल परत ती पाटी आली, हा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही म्हणून. १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचा सपोर्ट संपला ना. मशीन सहाव्या जनरेशनचं आय-फाइव्ह, एसएसडी टाकल्यापासून पळतंय, पण इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचंच लागतं वर टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पण. २०१४ ला एक्सपी गेलं तेव्हा बाबा म्हणाले होते "चालतंय ना, मग कशाला हात लावतोस", आत्ताही शब्दाला शब्द तेच. तुमच्याकडे काय केलं? नवा घेतला, विंडोज काढून लिनक्स टाकलं, की तसंच रेटताय?

उंटावरचा: रेटतोय. ईएसयू, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सपोर्ट संपल्यानंतरची वाढीव अपडेटची सोय घेतली, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतील. पुढचं पुढे.

टंकबाई: एक्सपी म्हणू नका हो!! मराठी नीट दिसायला रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक मारायची, की ते सीडी मागणार आणि सीडी कायम दुसऱ्याच कोणाकडे

भिशीवाली: सासूबाईंच्या लॅपटॉपवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, त्यांना यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि भिशीचा हिशोब एवढंच लागतं. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज बघून घेतला मगच इन्स्टॉल केलं. पहिला प्रश्न, माझे पत्ते कुठे गेले 😀 सॉलिटेअर टाकून दिलं, आता तक्रार नाही. प्रिंटर मात्र अजून रुसलेलाय.

डीटीपीवाला: आमच्याकडे विंडोज ७ आहे अजून, नेट काढून ठेवलंय. सगळ्या लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये जुन्या फॉन्टात, सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) पण प्रिंटरच्या त्या जुन्या रुंद पोर्टचं, नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. युनिकोडात कन्व्हर्ट केलं की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, मग एकेक पत्रिका डोळ्यात तेल घालून तपासा. कोण करणार? सीझन आलाय तोंडावर.

टंकबाई: आमच्या पत्रिकेत "शुभाशीवार्द" होतं 😂 तुमच्याकडचंच का काम?

डीटीपीवाला: प्रूफ कोणी तपासलं होतं ते विचारा आधी घरात

खटपट्या: रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने ११ चा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट काढता येते. जुन्या मशीनवर ११ चालवतोय, छान चालतंय, फक्त दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, हाताने करावं लागतं. पण बाबांच्या मशीनवर नका करू, दर वेळी फोन तुम्हालाच येणार. आणि काहीही करा, आधी फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

आळसोबा: आमचे सगळे डी लाच आहेत 🙈

उंटावरचा: @भिशीवाली एक्सेलची फाइल लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडते का?

भिशीवाली: साध्या बेरजा बरोबर येतात, मॅक्रो असेल तर गडबड.

उंटावरचा: आमच्या भिशीत बेरीज एक्सेलमध्येही बरोबर येत नाही