मदत हवी आहे: घरच्या हाक्का नूडल्सचा दर वेळी लगदा का होतो?

शेवग्याची शेंग

गाडीवर मिळतात तशा सुटसुटीत हाक्का नूडल्स घरी करायच्या आहेत, चार माणसांसाठी. सध्याची कृती जशीच्या तशी देते, कुठे चुकतंय ते सांगा.

मैद्याच्या कोरड्या नूडल्स ३०० ग्रॅम, दीड लिटर पाण्यात झाकण ठेवून ८ मिनिटं उकळते आणि चाळणीत ओतून तशाच निथळत ठेवते. तोवर नॉनस्टिक कढईत ३ मोठे चमचे तेल, त्यात आलं-लसूण पेस्ट, मग कांदा, गाजर, कोबी, सिमला मिरची एकदम आणि लगेच मीठ. भाज्या मऊ झाल्या की सोया सॉस २ मोठे चमचे, व्हिनेगर आणि चिली सॉस १-१ मोठा चमचा, शेवटी सगळ्या नूडल्स. गॅस पूर्ण वेळ मोठा.

नूडल्स तुटतात, एकमेकींना चिकटतात, कढईच्या तळाशी तपकिरी पाणी साचतं. चव खारट, पण तो गाडीवरचा वास काही येत नाही. कढई बदलू, सॉस बदलू की नूडल्सचा ब्रँड?

लोखंडी कढई

ब्रँड राहू द्या. निम्मं काम उकळतानाच बिघडलंय.

३०० ग्रॅमला किमान ३ लिटर पाणी घ्या. कमी पाण्यात सुटलेला स्टार्च दाट होतो आणि खळीसारखा नूडल्सवर बसतो. पाणी खळखळलं की दीड मोठा चमचा मीठ, १ लहान चमचा तेल, मग नूडल्स. झाकण नको, उतू जातं. नूडल्स हाताने मोडू नका. अर्ध्या मिनिटात त्या वाकतात, तेव्हा चिमट्याने किंवा दोन काट्यांनी मोकळ्या करा. डाव फिरवू नका.

पुड्यावर ५ मिनिटं लिहिली असतील तर ४ मिनिटांनी एक नूडल काढून नखाने तोडा. कापल्या टोकाला मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका दिसला की गॅस बंद. ठिपका नाहीसा होईपर्यंत थांबलात तर त्या आयत्या खायला चांगल्या, परतायला नाहीत. राहिलेली कसर कढईत भरून निघते. ८ मिनिटं म्हणजे शेवयांची खीर.

लगेच चाळणीत ओतून नळाखाली गार पाण्याने धुवा, हात घालून, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. याने शिजणं थांबतं आणि वरची खळ जाते. मग चाळण चांगली झटका, २ लहान चमचे तेल चोळा आणि नूडल्स मोठ्या ताटात किंवा स्वच्छ पंच्यावर पसरा. पंख्याखाली २० मिनिटं. हात लावल्यावर तेलकट लागल्या पाहिजेत, ओल्या नाही.

हिशेबनीस

वरच्याला +१. ते २० मिनिटं वाळवणं बरेच जण गाळतात, म्हणून जरा गणित मांडतो.

घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण २ किलोवॉटचा. त्यातली कढईला प्रत्यक्ष लागणारी उष्णता फार तर सव्वा किलोवॉट, बाकीची कडेने निघून जाते. घाईघाईत निथळलेल्या ३०० ग्रॅम नूडल्सना ५० मिली पाणी सहज चिकटून राहतं. तेवढं पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे १२९ किलोज्यूल लागतात. म्हणजे पूर्ण आचेवर जवळजवळ पावणेदोन मिनिटं कढई नुसतं पाणी उडवत बसते. तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही. परतणं होतच नाही, नूडल्स पुन्हा उकळतात. भाज्यांचं पाणी आणि सॉसचं पाणी अजून धरलेलंच नाही.

गाडीवरच्या भट्टीची आच याच्या कितीतरी पट असते. तिथे ओल्या नूडल्स टाकल्या तरी खपून जातं. घरी खपत नाही. त्यामुळे घरी दोनच उपाय: पाणी आधीच काढा आणि एका वेळी कमी टाका. ३०० ग्रॅमचे दोन घाणे, एका घाण्यात १५० ग्रॅम कोरड्या. त्या उकळून ३२५-३५० ग्रॅम होतात, घरच्या कढईला तेवढं पुरे.

तिरफळ

भाज्यांकडे येऊ. मीठ आधी घातलं की कोबी पाणी सोडतो, तुमच्या तळाचं तपकिरी पाणी बरंचसं तेच. भाज्यांना वेगळं मीठ लागतच नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सव्वादोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, त्यात उकळतानाचं मीठ. खारटपणाचं कारण इथे आहे.

एका घाण्याला कोबी ८० ग्रॅम, गाजर आणि सिमला मिरची ३०-३० ग्रॅम, पातीचे दोन कांदे. कोबी आधी धुवायचा, पुसायचा, मग चिरायचा. चिरून धुतला तर पदरांत पाणी अडकतं. गाजर आगपेटीच्या काडीएवढं, कोबी-मिरची उभी, ३ मिलिमीटरच्या आसपास. किसलेलं गाजर नको, ते लगेच रस सोडतं.

आलं-लसूण पेस्टही बंद करा. तिच्यातल्या पाण्याने तेल तडतडतं, लगदा तळाशी चिकटून करपतो आणि भाजीच्या रश्शासारखा वास येतो. लसूण ६ पाकळ्या, सुरीने बारीक चिरलेला.

शेवग्याची शेंग

धन्यवाद! मीठ आणि पेस्ट दोन्ही लक्षात आलं. आता कढईचं सांगा. नॉनस्टिक चालेल का? आणि प्रत्यक्ष परतायचा क्रम, किती सेकंद वगैरे?

लोखंडी कढई

नॉनस्टिक रिकामी कडक तापवायची नसते, २६० अंशांच्या पुढे तिचा थर खराब होऊन धूर सोडायला लागतो. आणि इथे तर रिकामी तापवणं हीच पहिली पायरी आहे. पातळ पत्र्याची लोखंडी कढई सगळ्यांत सोयीची. बिडाची उष्णता धरून ठेवते पण तापायला वेळ घेते, ५-६ मिनिटं द्या.

तेल रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राइस ब्रान. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीला उत्तम, पण १६० अंशांच्या आसपास धूर धरतं, इथे कडवट होईल.

एका घाण्याचा क्रम:

सगळं कापून, सॉस वाटीत कालवून हाताशी ठेवा, नंतर बाटलीचं बूच उघडायलाही सवड नसते. कढई रिकामी २-३ मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकून बघा. चर्र करून आटला तर अजून वेळ आहे, मण्यासारखा गोळी होऊन पळाला तर झाली. दीड मोठा चमचा तेल, कढई फिरवून कडांना लावा. तेलातून धुराची पहिली रेघ दिसली की लसूण, १० ते १५ सेकंद, रंग बदलायच्या आत गाजर. ३० सेकंदांनी कोबी आणि पातीचा पांढरा भाग, ४० सेकंद. सिमला मिरची २० सेकंद. कोबीच्या कडेला एखाद-दुसरा तपकिरी डाग पडला पाहिजे आणि चावल्यावर कच्कन तुटला पाहिजे. सगळं ताटलीत काढा.

ही काढायची पायरी बहुतेक पाककृतींत नसते. भाज्यांवर नूडल्स ओतल्या की कढई गार पडते आणि खालच्या भाज्या वाफवून निघतात. गाडीवर गरज नाही, घरी आहे.

कढई पुन्हा मिनिटभर तापवा, १ मोठा चमचा तेल, नूडल्स पसरून टाका आणि ४० सेकंद हात लावू नका. खालून किंचित खरपूस होऊ द्या. चिमटा आणि उलथन्याने उलटा, पुन्हा २० सेकंद. मग भाज्या, मग सॉस. सॉस नूडल्सवर ओतायचा नाही, कढईच्या तापलेल्या कडेने गोल सोडायचा. तिथे तो फसफसतो, त्यातली साखर करपायच्या बेतात येते. तुमचा हरवलेला वास बराचसा त्या फसफसण्यात आहे. मिनिटभर वरखाली करा, गॅस बंद करताना पातीचा हिरवा भाग.

साधं वरण

सॉसचं प्रमाण, एका घाण्याला (१५० ग्रॅम कोरड्या नूडल्स):

लाइट सोया २ लहान चमचे, डार्क सोया १ लहान चमचा, हिरवा चिली सॉस १ लहान चमचा, पांढरी मिरपूड पाव लहान चमचा, साखर पाव लहान चमचा, अजिनोमोटो दोन चिमट्या. व्हिनेगर १ लहान चमचा, पण वेगळा, सगळ्यात शेवटी. आधी घातला तर आंबट वास वाफेबरोबर उडतो.

घरात एकच बाटली असेल तर ती बहुधा डार्क सोया. ती मुख्यतः रंगाला. दोन मोठे चमचे घातले की नूडल्स काळपट होतात आणि चव जड लागते. पांढरी मिरपूड मात्र गाळू नका. गाडीवरच्या वासात तिचा वाटा मोठा आहे आणि काळ्या मिरीने तो येत नाही.

हिशेबनीस

अजिनोमोटो खरंच हवा का? मशरूमच्या चार चकत्या लसणाबरोबर परतल्या तर काम भागतं.

साधं वरण

भागतं, पण चव वेगळी येते. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, ते १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यावरून शोधलं. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि खुद्द सोया सॉसमध्येही असतं. नको असेल तर सोडा, मात्र त्याची उणीव मिठाने भरायला जाऊ नका. तिथेच खारट होतं.

इंडक्शनवाली

गॅस नाही, २००० वॉटचं इंडक्शन आहे. जमेल का?

लोखंडी कढई

उलट बरं. इंडक्शनची बरीचशी उष्णता थेट भांड्यात जाते, घरच्या गॅसपेक्षा थोडी जास्तच मिळते. अडचण आकाराची. गोल बुडाच्या कढईचा टेकतो तेवढाच भाग तापतो आणि उचलली की शेगडी बंद. म्हणून सपाट बुडाची, २८ सेंटिमीटरची लोखंडी कढई किंवा खोलगट तवा घ्या. उडवायच्या फंदात न पडता चिमट्याने उलटा. कडा गार असतात, त्यामुळे सॉस कडेला न सोडता मधोमध जागा करून तिथे सोडा. आणि पातळ लोखंडी भांडं एकदम पूर्ण वॉटवर ठेवू नका, बूड वाकतं. निम्म्यावर मिनिटभर, मग वाढवा.

तिरफळ

अवांतर: हाक्का हे पदार्थाचं नाव नाही, दक्षिण चीनमधल्या एका समाजाचं आहे. त्यातले लोक कोलकात्यात येऊन स्थिरावले, टांगऱ्याला चामडं कमावण्याचे कारखाने काढले, आणि तिथल्या चिनी खाणावळींतून हे खाणं देशभर गेलं. पाटी वाचून चीनमध्ये कुणी हाक्का नूडल्स मागू नयेत. तिथे परतलेल्या नूडल्स म्हणजे चाओ मिएन, आपलं चाउमीन. कढईच्या त्या धुरकट वासाला कँटनी भाषेत वॉक हेइ म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास.

आणि नावांचा विषय निघालाच आहे म्हणून: शेजवान म्हणजे सिचुआन, पण आपल्या शेजवान सॉसमध्ये जिभेला मुंग्या आणणारी सिचुआनी मिरी सहसा नसते, नुसती लाल मिरची आणि लसूण. त्या मिरीचं सख्खं चुलत भावंड मात्र कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडतं, तेच माझं नाव. चार तिरफळांतल्या बिया काढून साली कोरड्या भाजा, कुटा आणि शेवटी भुरभुरवा. जिभेला तशीच मुंगी येते. बिया राहिल्या तर कचकच लागतात.

शेवग्याची शेंग

काल दोन घाण्यांत केल्या. सुटसुटीत झाल्या, पाणी अजिबात नाही! दोन तक्रारी: नूडल्स नव्या लोखंडी कढईला चिकटल्या आणि लसूण कडू लागला. शिवाय तिळाच्या तेलाचं काय? १ चमचा घातलं, पण वास आला नाही.

लोखंडी कढई

नवी कढई आधी तयार करावी लागते. कारखान्याचं तेल साबणाने घासून काढा, पूर्ण कोरडी करा, धूर येईपर्यंत तापवा, कापडाने अगदी पुसट तेल लावा आणि पुन्हा धूर येईतो तापवा. असं ४-५ वेळा, काळसर झाक येईपर्यंत. तेल जाड लावलं तर चिकट पापुद्रे धरतात. काम झाल्यावर गरम पाणी आणि काथ्या, मग शेगडीवर वाळवून तेलाचा हात. व्हिनेगर घातलेल्या नूडल्स तीत तशाच ठेवू नका, आंबटाने तो थर निघतो.

लसूण कडू झाला म्हणजे तेल जास्त तापलं होतं किंवा लसूण फारच बारीक होता. गाजर हातात धरूनच लसूण टाका.

साधं वरण

तिळाचं तेल बहुतेक साधं असणार. आपलं किराण्यातलं तिळाचं तेल न भाजलेल्या तिळाचं, फिकट पिवळं. चिनी पद्धतीचं भाजलेल्या तिळाचं, रंगाने चहासारखं. ते अर्धा लहान चमचा, गॅस बंद केल्यावर. नाही मिळालं तर सोडून द्या, गाडीवरही सहसा नसतं.

इंडक्शनवाली

डब्यात दिल्या तर दुपारी एकच ढेकूळ निघतं. त्यावर काही?

हिशेबनीस

गरम भरून झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते आणि थेंब परत नूडल्सवर पडतात, वर थंड होताना स्टार्च घट्ट बसतो. ताटात पसरून १५ मिनिटं निवू द्या, मग भरा. डब्याच्या नूडल्सना परततानाच अर्धा लहान चमचा तेल जास्त आणि कोबी निम्मा. रात्री उकळून, तेल लावून, फ्रिजमध्ये झाकून ठेवलेल्या नूडल्स सकाळी परतायला ताज्यापेक्षा सोप्या जातात. तोवर त्या वरून कोरड्या आणि घट्ट झालेल्या असतात. मात्र कढईत टाकायच्या आधी हाताने सोडवून घ्या, कढईत ढेकळं फोडायला गेलात तर तुटतील.