चोचीत चोच : इंग्रजांनी पाखरं पाहिली की स्वप्नं?

शेखर_ठाणे: प्रेमात पडलेलं जोडपं म्हणजे 'लव्हबर्ड्स', त्यांची लाडीगोडी म्हणजे 'बिलिंग अँड कूइंग', कबुतरांसारखं चोचीत चोच घालून घुमणं. हे जुने इंग्रजी वाक्प्रचार मला निव्वळ भाबडे वाटतात. एकोणिसाव्या शतकात मॉरिस नावाच्या पाद्र्याने डनॉक या साध्यासुध्या पक्ष्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. पुढे केंब्रिजचे पक्षी-अभ्यासक निक डेव्हिस यांनी त्याच पक्ष्याचा अभ्यास केला, तर कुठे एका मादीला दोन नर, कुठे दोघांना दोघी!

रानवाट: धागा कबुतरांचा, दाखला भलत्याचाच. खिडकीबाहेरच्या छज्जावर पारव्यांची जोडी नीट बघा. नर मान फुगवून, शेपूट घासत गोल फिरतो, घुमतो. मग मादी पिल्लासारखी त्याच्या उघड्या चोचीत चोच खुपसते, कधी तो तिला भरवतोही. मीलन त्यानंतर. यात भाबडं काय? दिसलं ते सांगितलं. इंग्लंडात जहागीरदारांच्या वाड्यांशेजारी कबूतरखाने होते, लोक हे रोज बघत होते. (पिल्लं चवीने खातही होते, तो भाग वाक्प्रचारात आला नाही.)

शेखर_ठाणे: बघितलं, पण समजलं काय? अंडी घालायच्या आधी नर मादीच्या शेपटीमागेच असतो, टोचून तिला इतर नरांपासून दूर हाकलतो. लांबून वाटतं, काय जीव आहे तिच्यावर! तो पहारा असतो.

मीनल_क: जीव आणि पहारा एकाच घरात नांदतात हो, लग्न झालेल्यांना विचारा 😀 पारव्यांत दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात, दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत पिल्लांसाठी 'दूध' तयार होतं. अशांना जोडप्याची उपमा दिली तर बिघडलं कुठे? आपल्या कवींनी चक्रवाकांना रात्रभर नदीच्या दोन काठांवर विरहात बसवलंच ना?

शेखर_ठाणे: चक्रवाकावरून कुणी संसाराचे धडे देत नाही.

रानवाट: धडे पाद्र्याने दिले, वाक्प्रचाराने नाही. 'बिलिंग अँड कूइंग'मध्ये निष्ठेचं नावही नाही, चारचौघांत काय चाललंय तेवढंच आहे. राग काढायचा तर टर्टल डव्हवर, म्हणजे तिकडच्या होल्यावर काढा, निष्ठेचं बिरुद त्याला लावलंय.

शेखर_ठाणे: त्या बिचाऱ्यावर कसा काढू? तणांच्या बियांवर जगणारा पक्षी, शेतातलं तणच मारलं. ब्रिटनमध्ये १९७० नंतर ९५ टक्क्यांहून जास्त घटलाय. बरं, 'बिलिंग अँड कूइंग' सोडलं. पण 'लव्हबर्ड्स' नाही! त्या नावाचे छोटे पोपट असतात ना, एकदा त्यांच्या पिंजऱ्यात दुसरा पक्षी सोडून बघा, पायाची बोटं फोडतात त्याची.