सगळ्या डोंगरावरची कारवी एकाच वर्षी कशी फुलते?

घाटघरच्या बाई

जुन्नर तालुक्यात, घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेमागचा उतार पायथ्यापासून कड्यापर्यंत कारवीने भरलेला आहे. परवा वर्गात सांगत होते की कारवी सात वर्षं नुसती वाढते, मग एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण सात वर्षं झाली हे तिला कोण सांगतं?" लगेच वर्गात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, सगळ्यांची मुळं जमिनीखालून एकमेकींना निरोप देत असणार. दुसरा म्हणाला, ती पावसाळे मोजत असणार.

दोन्ही उत्तरं मला फार आवडली. पण मुलांना खरं काय ते सांगायचं आहे. आंबा एखाद्या वर्षी मोहरत नाही, जांभूळ मागेपुढे होतं, ते समजू शकतं. इथे मात्र अख्खा उतार एकाच श्रावण-भाद्रपदात निळा-जांभळा होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे फक्त वाळके दांडे उभे असतात. शिवाय पलीकडच्या खोऱ्यातली कारवी वेगळ्याच वर्षी फुलते. मध्ये एवढीशी खिंड. तोच पाऊस, तेच ऊन, मग वर्ष वेगळं का? आणि मुळात इतकं थांबायचं कशाला? दरवर्षी थोडं थोडं फुलायला काय हरकत होती?

वनस्पतिशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर सविस्तर सांगा. थोडं अवघड असलं तरी चालेल, ही मुलं ऐकतात.

पानगळ

बाई, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. आधी तुमच्या खिंडीचं घेतो, कारण बरंचसं त्यातच सुटतं.

कारवी फुलून मेली की तिचं बी तिथेच आसपास पडतं. वरची दाट सावली गेलेली असते, जमिनीपर्यंत ऊन पोचतं आणि पावसाला सुरुवात झाली की रोपांची दाटी होते. म्हणजे तुमच्या उतारावरची जवळजवळ सगळी कारवी एकाच पावसाळ्यात जन्मलेली, एका वयाची आहे. तिला शेजारणीच्या निरोपाची गरजच नाही. प्रत्येकीने आपापली वर्षं मोजली तरी सगळ्या एकदम फुलणार. खिंडीपलीकडची कारवी दुसऱ्या एका वर्षी जन्मली, म्हणून तिचा बहर वेगळा. बी फार लांब जात नाही, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होत नाही.

आता थांबायचं कशाला ते. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७६ साली बांबूबद्दल हाच प्रश्न घेतला होता. त्याचं बोट बी खाणाऱ्यांकडे होतं. उंदीर, पाखरं, किडे यांना दरवर्षी थोडं थोडं बी मिळालं तर ते सगळं फस्त करतील आणि त्यावरच पोसले जातील. अनेक वर्षं काहीच न देता एकदम डोंगरभर बी टाकलं, तर कितीही खाल्लं तरी उरतंच. जे झुडूप घाईने वर्षभर आधी फुलेल त्याचं बी मात्र एकूण एक खाल्लं जाईल. अशी घाई करणारी आणि रेंगाळणारी पिढ्यान् पिढ्या गळत गेली. म्हणून उरलेल्यांची मोजणी इतकी पक्की. तरीही चुकार झुडपं असतातच. बहर नसलेल्या वर्षी एखादी एकटी फुललेली कारवी मुलांना जरूर शोधायला लावा.

राहिला त्या मुलीचा प्रश्न, कोण सांगतं? मोहरीच्या कुळातल्या लहान रोपांवर याबद्दल फार सुंदर काम झालं आहे. रोप कोवळं असताना त्याच्या पेशींत मायआर-१५६ नावाचा आरएनएचा (डीएनएसारख्याच एका रेणूचा) इवलासा तुकडा भरपूर असतो. फुलोऱ्याकडे नेणाऱ्या जनुकांना तो दाबून ठेवतो. रोपाचं वय वाढेल तसा तो कमी होत जातो. त्याच कुळातली अरेबिस अल्पिना ही डोंगराळ भागातली वनस्पती अनेक वर्षं जगते आणि तिला फुलायला थंडी लागते. पण कोवळ्या वयात कितीही थंडी दिली तरी ती फुलत नाही. हा तुकडा पुरेसा कमी झाल्यावरच थंडीचा उपयोग होतो, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे तिथे वय आतून कळतं, ऋतूची खूण बाहेरून येते आणि दोन्ही जुळावं लागतं. मुळांच्या निरोपापेक्षा माझं मत पावसाळे मोजणाऱ्या मुलाच्या बाजूने.

जाता जाता, कारवीचीच दक्षिणेकडची बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मुन्नारला २००६ आणि २०१८ मध्ये फुलली होती.

मुळशीचा गडी

बाई, फुलं बघायला शहरातून गाड्यांच्या रांगा लागतात. पुढचं बघायला कुणी येत नाही, म्हणून ते लिहितो.

फुलं गळाली की बोंडं धरतात आणि झुडूप वाळून गेलं तरी ती दांड्यावर तशीच राहतात, थेट पुढच्या पावसापर्यंत. ओल लागली की बोंड तडकतं आणि बी उडतं. अशा वेळी उतारावर जाऊन उभे राहा. चारी बाजूंनी तडतड चालू असते, अंगावर बी येऊन पडतं. मुलांना फुलं दाखवाल तेव्हा हेही ऐकवायला न्या. मला विचाराल तर फुलांपेक्षा हे मोठं.

आमच्याकडे घराचा कूड कारवीचाच. दांडे सरळ, हलके, त्यावर शेणामातीचं लिंपण केलं की भिंत उन्हाळ्यात गार राहते. फुलल्या वर्षी मधही वेगळाच, घट्ट आणि काळपट.

एक कळकळीची विनंती. फुलून वाळलेली कारवी मेलेलीच आहे म्हणून लोक ती मार्गशीर्ष-पौषातच सरपणाला तोडून नेतात. बोंडं त्याच्याबरोबर जातात. वणवा लागला तरी तेच. त्या एका पावसाआधी उतार साफ झाला तर पुढची कारवी उगवायची कशातून? कूड आणि सरपण आम्हालाही लागतं, पण त्या वर्षी बोंडं तडकेपर्यंत हात लावू नये. दांडे त्यानंतरही तिथेच असतात.

मीनल, नेपरव्हिल

मी शिकागोजवळ राहते. बाईंच्या त्या मुलीला माझ्याकडून एक गोष्ट सांगा.

इथे सिकाडा नावाचे कीटक आहेत. त्यांची पिल्लं जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पिऊन १७ वर्षं राहतात, दक्षिणेकडच्या काही जाती १३ वर्षं. मग माती साधारण १८ अंश सेल्सियसपर्यंत तापली की सगळे एकदम वर येतात, काही आठवडे गातात, अंडी घालतात आणि मरतात. २०२४ मध्ये १७ वर्षांचा एक गट आणि १३ वर्षांचा एक गट एकाच उन्हाळ्यात वर आले. या दोघांचा मेळ याआधी १८०३ साली पडला होता. १३ गुणिले १७ म्हणजे २२१, हे चौथीची मुलं करून बघू शकतील. आमच्या रस्त्यावरच्या एकेका झाडातून असा आवाज यायचा की फोनवर आईशी बोलताना खिडकी लावून घ्यावी लागायची. पक्षी खाऊन खाऊन थकले तरी झाडं भरलेलीच. पानगळ सरांनी लिहिलंय तेच.

पण खरी गंमत पुढे आहे. अंधारात राहून हे वर्षं कशी मोजतात? कीटकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ वर्षांची पिल्लं जमिनीतून काढून पीच झाडांच्या मुळांवर ठेवली. त्यातली काही झाडं अशी वाढवली की ती एकाच वर्षात दोनदा फुलली. त्या झाडांवरचे सिकाडा एक वर्ष आधी बाहेर आले! म्हणजे त्यांनी दिवस किंवा महिने मोजले नव्हते. झाडाच्या रसात होणारा ऋतूचा बदल मोजला होता. हे काम २००० साली प्रसिद्ध झालं. मला ते वाचून रात्री झोप आली नव्हती, इतका आनंद झाला होता.

ईशान्य

नोकरीनिमित्त मिझोरामला होतो. तिथे हा विषय कौतुकाचा नाही. तिथला मौताक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. बी इतकं पडतं की उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपलं की भातावर तुटून पडतात. १९५९ च्या मौतामात, म्हणजे या बांबूच्या बहरात, दुष्काळ पडला. लोकांना मदत करायला मिझो नेते लालडेंगांनी जी दुष्काळ संघटना काढली, तिचीच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ चा भारत सरकारविरुद्धचा उठाव आणि १९८६ चा शांतता करार ही त्यापुढची कहाणी. आपल्याकडेही जुनी माणसं "बांबू फुलला की दुष्काळ" म्हणतात. त्यामागे हे उंदीर आहेत.

घाटघरच्या बाई

तुम्ही सगळ्यांनी केवढं दिलंत! पीच झाडाची गोष्ट मी आज सांगितली तेव्हा पावसाळेवाला मुलगा बाकावर उभाच राहिला. मुळशीच्या दादांचं म्हणणं ग्रामसभेत मांडणार आहे. आमचा उतार फुलेल तेव्हा बोंडं तडकेपर्यंत तोड बंद, एवढा ठराव झाला तरी पुरे.

वर्गात एक मोठा तक्ता लावला आहे: ठिकाण आणि बहराचं वर्ष. तुमच्या भागातली वर्षं लिहाल का?

येऊरचा वाटाड्या

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: २००८ आणि २०१६. पण बाई, हे अंतर आठ वर्षांचं आहे, तुम्ही मुलांना सात सांगितलंत. तक्त्यावर काय लिहिणार?

पानगळ

दोन्ही लिहा. २००८ च्या बहराची बोंडं २००९ च्या पावसात तडकली, रोपं तेव्हा उगवली. ती २०१६ च्या भाद्रपदात फुलली तेव्हा त्यांचं वय सात पूर्ण. दोन बहरांमध्ये आठ, झुडपाचं स्वतःचं सात. मुलांना आधी दोनच वर्षं द्या आणि हे मधलं एक वर्ष कुठे गेलं ते त्यांनाच शोधू द्या.