घरी मिंट, दुकानात विंडोज

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, म्हणून सरसकट नवा लॅपटॉप घ्या, हे मला पटत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो; पण त्याआधीचं मशीन भंगारात कशाला? घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली. ब्राउझर, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), इनस्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी टायपिंग, सगळं निवांत चालतंय बघा. अपडेट २०२९पर्यंत आहेत.

शाहूपुरीतल्या दुकानात मात्र विंडोजच. हिशेबाचं टॅली त्यावरच, आणि पत्रिका छापणाऱ्याला फाइल श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये लागते. हिशेबाच्या मशीनवर वाईनचे (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) प्रयोग मी तरी करणार नाही. (मॅकचं विचारू नका, खिसा बघून बोलतोय.)

मिंट टाकणार असाल तर आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा.