मदत हवी आहे: 'स्वतःच्या शब्दांत लिही' म्हणजे नेमकं करायचं काय?

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. मी बीए दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. कोल्हापुरात खोली घेऊन राहते. प्रकल्प आहे शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशावर. बारा पानं लिहून दिली, तर सरांनी चौथ्या पानावर लाल पेनानं उभी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "यात तुझं काय?"

खरं सांगते, पुस्तक उघडं ठेवून शब्द बदलत गेले होते. 'रिक्त'चं 'रिकाम्या' केलं, 'राज्यकारभारा'चं 'प्रशासन'. पुस्तकातलं वाक्य जिथं संपतं तिथंच माझंही संपतंय. पण शेवटी संदर्भसूचीत पुस्तकाचं नाव दिलंय की! मग ही चोरी कशी?

घाबरून दुसऱ्या खेपेला सगळंच अवतरणात टाकलं, एका पानावर सात. सर म्हणाले, कात्रणांची वही झाली ही. आता पुस्तक मिटून लिहिलंय:

"१९०२ साली शाहू महाराजांनी भर दरबारात घोषणा करून संस्थानातल्या निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांना दिल्या."

हे चालेल का? सोमवारी द्यायचंय.

जुना मास्तर
पोरी, पुस्तक मिटून लिहिलंस हे झकास केलंस. आता पुस्तक परत उघड आणि ताडून बघ. हे दुसरं काम कुणी करत नाही.

तुझ्या एका वाक्यात तीन ठिकाणी पाय घसरलाय. 'भर दरबारात' कुठनं आणलंस? त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले होते. शब्द आपले घालायचे, माहिती आपल्या पदरची घालायची नाही.

दुसरं, 'निम्म्या नोकऱ्या'. आदेश होता यापुढं रिकाम्या होतील त्या जागांबद्दल, त्यांतल्या ५० टक्के भरायच्या. खुर्चीत बसलेल्याला उठवायचं त्यात नव्हतं. तुझं वाक्य वाचून वाटतं, एका सकाळी निम्मी कचेरी बदलली.

तिसरं जरा नाजूक आहे. आज 'मागासवर्गीय' म्हटलं की आजच्या याद्या डोळ्यांसमोर येतात. १९०२ च्या आदेशात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले धरलेत. म्हणजे मराठेही त्यात आले. अशा ठिकाणी शब्दालाच वजन असतं, तेव्हा तो तेवढा शब्द अवतरणात ठेव आणि त्याचा तेव्हाचा अर्थ पुढं सांग. सात अवतरणांतली सहा आपोआप गळतील.

तांबडा पांढरा
ताई, मी एक जुगाड करतो. उतारा वाचायचा, पुस्तक कपाटात टाकायचं आणि आईला भाकरी थापताना तो सांगायचा. ती "म्हणजे रं?" म्हणाली की समजायचं, पुस्तकच बोलतंय. मग जे सांगतो ते तोंडातनं आपलंच निघतंय. लगेच लिहून काढायचं. आईला आता वेदोक्त प्रकरण (महाराजांचे विधी वैदिक मंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला, तो वाद) माझ्यापेक्षा जास्त येतंय.

मोडीवाला
चोरी कशी, याचं उत्तर राहिलं. शेवटच्या यादीवरनं एवढंच कळतं की ते पुस्तक तू वाचलंस. चौथ्या पानावरचा कुठला विचार त्यातला आणि कुठला तुझा, हे कळत नाही. म्हणून स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी त्या जागी तळटीप द्यायची, पानाच्या नंबरासकट. आणि वाक्याचा सांगाडा पुस्तकातलाच असेल, तर तळटीप देऊनही ते वाक्य तुझं होत नाही. एकतर पूर्ण मोड, नाहीतर सरळ अवतरणात घाल.

आणखी एक. आदेश ज्यात छापला होता ते करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानचं गॅझेट तू स्वतः पाहिलंस का? पुस्तकात छापलेला उतारा घेतला असशील, तर तळटीपेत त्या पुस्तकाचं नाव घाल आणि 'यात उद्धृत' असं लिही. नुसतं गॅझेटचं नाव टाकणं म्हणजे न गेलेल्या गावचा प्रसाद वाटणं. अवतरणात मधले शब्द गाळलेस तर तीन टिंबं दे, आपला शब्द घातलास तर चौकटी कंसात. इंग्रजीतला मजकूर मराठीत आणला असशील, तर भाषांतर कुणाचं तेही लिही.

रंकाळाकाठची
'भर दरबारात' कुठनं आलं ते शोधलं. कुठूनच नाही! लिहिताना बरं वाटलं म्हणून घातलं. लाज वाटली. गॅझेट पाहिलेलं नाही, पुस्तकातनंच घेतलंय. आता हे बघा:

"२६ जुलै १९०२ च्या आदेशानं कोल्हापूर संस्थानात त्यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा 'मागासलेल्या' वर्गांतून भरायचं ठरलं. हा शब्द इथं बराच व्यापक आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळता सर्व जाती त्यात येत होत्या. त्यामुळं हा आदेश आजच्या याद्या डोळ्यांसमोर ठेवून वाचला, तर मराठा समाजाचं त्यातलं स्थान नजरेतून सुटतं."

शेवटचं वाक्य मास्तरांच्या बोलण्यावरून सुचलं. त्याला तळटीप कशी द्यायची?

जुना मास्तर
मला कशाला तळटीप? आदेशाचा उतारा परत वाच. माझं म्हणणं त्यातनं निघतंय का ते तूच ठरव. निघत असेल तर त्या उताऱ्याच्या पानाची तळटीप दे, नसेल तर वाक्य काढून टाक. आणि पहिल्या वाक्याची तळटीप अजून राहिलीय बघ.