जुने मेल आपोआप पुसायची सोय केलीत, पुढे काय झालं?

परवा एका मित्राचा फोन. "अरे, तुला पाठवलेला मेल परत आला, डबा भरलाय म्हणतोय." उघडून बघतो तर १५ जीबी काठोकाठ. २००४ मध्ये जीमेल आलं तेव्हा १ जीबी मिळायची आणि तेवढीसुद्धा जन्मात भरायची नाही असं वाटायचं. या १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही धरलेले असतात, हे मला त्या फोननंतर कळलं.

मोठ्या अटॅचमेंट शोधून काढल्या, तेवढ्यापुरता मोकळा झालो. पण रोज येणाऱ्या जाहिराती, ओटीपी, 'आपली विनंती नोंदवली आहे' छापाचे निरोप हाताने पुसत बसणं म्हणजे वारा सुटलेला असताना पाचोळा झाडणं. अमुक दिवस झाले की मेल आपोआप जावा, अशी व्यवस्था करायची आहे. ज्यांनी केली त्यांनी सांगा: कुठल्या प्रोग्राममध्ये, कसा नियम लावला, आणि नको ते काय गेलं? शेवटचं जरा सविस्तर लिहा.

*

नको ते काय गेलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे. जवळजवळ सगळंच.

लॅपटॉपची डिस्क भरत आली होती. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे 'इतक्या दिवसांहून जुने मेल काढून टाका' अशी सोय असते, तिथे १८० टाकलं. माझा समज असा की लॅपटॉपवरच्या प्रती जातील, मूळ मेल सर्व्हरवर सुखरूप राहतील. खातं आयमॅपचं होतं. आयमॅपमध्ये लॅपटॉप, फोन, ब्राउझर या एकाच खोलीच्या तीन खिडक्या. एकीतून सामान बाहेर फेकलं की तिन्हींतून दिसेनासं होतं. रात्री फोनवर मेल बघत होतो तर यादी खालून आखूड होत चाललेली. आधी वाटलं नेटवर्क गंडलंय. मग ट्रॅश उघडलं, तेही रिकामं, कारण हा नियम मेल ट्रॅशमध्ये न टाकता थेट कायमचा पुसतो. चूक माझीच. मूळ प्रतीही जातील असं त्याच पानावर लिहिलेलं आहे, मी आकडा टाकायच्या घाईत होतो.

वाचवलं ते कपाटातल्या जुन्या लॅपटॉपने. वर्षभर बंद होता आणि त्यावर सगळे मेल उतरवून ठेवलेले होते. तो सुरू करण्याआधी राउटरच बंद केला, कारण नेट मिळालं असतं तर त्यानेही सर्व्हरची खबर घेऊन स्वतःचं पुसून टाकलं असतं. मग ऑफलाइनच एकेक फोल्डर निवडून 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे सर्व्हरशी न जोडलेल्या जागेत, कॉपी केला. अर्धी रात्र गेली. शेवटच्या वर्षातला काही भाग मात्र गेला तो गेलाच.

*

वरच्यांशी सहमत, पण थंडरबर्ड सोडू नका. तिथल्या फिल्टरमध्ये 'दिवसांत वय' अशी अट लावता येते आणि फिल्टर अधूनमधून आपोआप चालवताही येतो. मी ९० दिवसांहून जुनी वृत्तपत्रकं आधी 'जाणारे' नावाच्या फोल्डरमध्ये हलवते, पुसत नाही. महिन्यातून एकदा वरवर नजर फिरवते आणि मग तो फोल्डर रिकामा करते. वयाचा नियम फोल्डरवरच लावायचा असेल, तर तारांकित मेल कायम ठेवायची चौकट तिथेच असते, ती बघून घ्या.

पुसूनही डिस्कवर जागा दिसत नसेल तर घाबरू नका. नेहमीच्या सेटिंगला एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत असतात आणि पुसलेल्यावर नुसती खूण होते. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केला की मग फाइल खरोखर आकसते. हे कळायच्या आधी मी तीनदा नियम बदलला होता.

*

जीमेलवाल्यांसाठी. फिल्टरमध्ये 'ओल्डर दॅन'ची अट घालून बसू नका. फिल्टर मेल येतो त्या क्षणी चालतो, आणि त्या क्षणी कुठलाच मेल जुना नसतो. मी आठवडाभर त्याची वाट बघितली आहे. शोधाच्या चौकटीत तीच अट उत्तम चालते, फक्त ती दर वेळी हाताने द्यावी लागते. आणि पानावरचे ५० निवडल्यावर वर 'या शोधात बसणारी सगळी संभाषणं निवडा' अशी ओळ येते, ती दाबल्याशिवाय सगळे निवडले जात नाहीत.

आपोआप हवं असेल तर ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे जीमेलकडून ठरलेल्या वेळी काम करवून घेणारा, गूगलच्याच सोयीत लिहायचा छोटा प्रोग्राम. मी काम दोन टप्प्यांत केलंय: फिल्टर मेल येताच 'तात्पुरतं' असं लेबल चिकटवतो, आणि आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट रोज पहाटे त्या लेबलाचे ३० दिवसांहून जुने मेल ट्रॅशमध्ये टाकते. ट्रॅशमध्ये ते आणखी ३० दिवस असतात, म्हणजे पश्चात्तापाला महिना मिळतो.

यात एक खाच आहे. जीमेल मेलांची साखळी करतं, आणि शोधात साखळीतला एक मेल जुना निघाला तरी अख्खी साखळी हाती लागते. माझं सहा महिने चाललेलं एक संभाषण होतं, पहिला मेल जुना, शेवटचा आदल्या दिवशीचा. पहाटे सगळं ट्रॅशमध्ये. समोरच्याने विचारलं, "कालच्याचं काय ठरलं?" आणि मला कालचं दिसेचना. आता स्क्रिप्ट आधी साखळीतल्या शेवटच्या मेलची तारीख बघते, मगच हात लावते. ही एक ओळ विसरू नका.

*

आउटलुक डॉट कॉमवर 'स्वीप'. पाठवणाऱ्याचा मेल निवडा, 'फक्त ताजा ठेवा' किंवा '१० दिवसांहून जुने हलवा' सांगा, विषय संपला. दहाच्या जागी पंधरा करता येत नाही, पण माझं अडलं नाही.

*

मी काहीही पुसत नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या एका मेलवर माझं एक भांडण मिटलं आहे. चालू द्या तुमचं.

*

ऑफिसात क्लासिक आउटलुक. त्यात ऑटोआर्काइव्ह असतं, चालू केलं की मुळात दर १४ दिवसांनी चालतं. प्रत्येक फोल्डरला वेगळं वय देता येतं, आणि जुनं वेगळ्या पीएसटी फाइलीत (आउटलुकची मेल साठवायची फाइल) हलवायचं की कायमचं पुसायचं तेही. मी हलवण्यावर ठेवलं.

नवा संगणक मिळाला, जुने मेल त्यात आयात केले, आणि ऑटोआर्काइव्ह ढिम्म. सहा वर्षांपूर्वीचे मेल डोळ्यांसमोर, ते म्हणतं जुनं काही नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला: ते मेल आल्याची तारीख आणि मेलमध्ये शेवटचा बदल झाल्याची तारीख यांतली नंतरची धरतं. आयात करताना सगळ्यांवर त्या दिवसाच्या बदलाचा शिक्का बसला होता. माझ्या लेखी सहा वर्षांचे, त्याच्या लेखी कालचे. बाकी, कंपनीने स्वतःचं धोरण लावलेलं असेल तर हे सगळं बाजूला राहतं, आधी आयटीला विचारा.

*

माझा किस्सा प्रोग्रामचा नाही, बाबांचा आहे. मी त्यांना सांगितलं होतं, इनबॉक्स रिकामा ठेवत जा. त्यांनी शब्दशः ऐकलं. वाचून झालेला, उत्तर दिलेला प्रत्येक मेल ते डिलीट करायचे आणि हवा असला की ट्रॅशमधून काढायचे. त्यांच्या दृष्टीने ती फडताळातली फाइल. वर्षानुवर्षं चाललं, कारण त्यांच्या प्रोग्राममध्ये ट्रॅश आपोआप रिकामं होत नव्हतं.

मी नव्या संगणकावर ॲपल मेल लावून दिलं आणि 'पुसलेले मेल महिन्यानंतर कायमचे काढा' हे निवडलं. मला वाटलं, कचराच तर आहे.

"माझे जुने मेल कुठे ठेवलेस?"

"कुठले, बाबा?"

"ते, डबीचं चित्र आहे ना, त्यातले."

अजूनही कोणाच्या खात्यात नियम लावायच्या आधी मी पहिल्यांदा ट्रॅश उघडून बघतो.

*

मी सुरुवात करणारा. लेबल आणि स्क्रिप्ट ही जोडी लावतोय, पण पहिले १५ दिवस पुसणारी ओळ बंद ठेवून नुसतं लेबल लावू देणार. काल रात्री पहिल्यांदा चालवलं. जाहिरातींच्या ढिगात विम्याच्या नूतनीकरणाची सूचना सापडली. पाठवणाऱ्याचा पत्ता तोच, मजकूर वेगळा. म्हणजे नुसत्या पत्त्यावर भागणार नाही, विषयाचे शब्दही अटीत घालावे लागणार.

आणि थंडरबर्डवाल्या दादा, तो कपाटातला लॅपटॉप अजून आहे का?

*

आहे. घरातल्या वाय-फायचा पासवर्ड बदललाय, त्याला सांगितलेला नाही.